शिक्षणाची किर्द आपल्या हाती

आमच्या खारदांड्यात संध्याकाळी चालणाऱ्या साक्षरता वर्गाला घरकाम करणाऱ्या एक मावशी येत असत. तीन महिने नेमाने आल्या आणि एके दिवशी येणे बंद झाले. घरी जाऊन विचारले तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, माझ्या डोक्यात काही शिरत नाही. उगाच तुमचा वेळ कशाला घालवू?" बोलण्याच्या ओघात मात्र त्या सहज सांगून गेल्या की, हल्ली स्टेशनला जाणाऱ्या बसची पाटी त्या स्वतःच वाचतात, कुणाला विचारावे लागत नाही. प्रगती झाली होती, पण तिची नोंद कुठेच नव्हती.

मी पडलो हिशेबाचा माणूस. रोजची जमा किर्दीत लिहिली नाही तर महिनाअखेर शिल्लक कळत नाही. शिक्षणाचेही तसेच आहे. शाळेतल्या मुलाला प्रगतिपुस्तक मिळते. दिवसभर राबून रात्री पाटी हातात घेणाऱ्या आईला ते कोण देणार? म्हणून तिची किर्द तिनेच लिहायला हवी.

ही कल्पना नवी नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या वाचनपुस्तिका तीन भागांत होत्या आणि आपण कुठवर आलो हे शिकणाऱ्याला कळावे म्हणून त्यांच्यातच चाचण्या घातलेल्या होत्या. साक्षर कोणाला म्हणायचे, याचे मापही ठरलेले होते. सोपा मजकूर मिनिटाला ३० शब्द या वेगाने मोठ्याने वाचणे, मिनिटाला ७ शब्द पाहून लिहिणे आणि ५ शब्द ऐकून लिहिणे. युरोप परिषदेने २००१ मध्ये परभाषा शिकणाऱ्यांसाठी सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात 'मला अमुक करता येते' अशी साधी वाक्ये आहेत. ती वाचून शिकणारा आपली पायरी स्वतःच ठरवू शकतो.

माता-भगिनींनो, यासाठी खर्च फक्त एका वहीचा आहे.

पहिल्या पानावर पहिल्या दिवशीचे आपले अक्षर तारीख घालून ठेवा. वाकडे असले तरी फाडू नका. दर महिन्याला तेच चार शब्द पुन्हा लिहा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा.

दुसरे, महिन्यातून एकदा एक मिनिट वाचन करा आणि किती शब्द वाचले ते लिहा. मजकूर मात्र नवा घ्या. पाठ झालेला धडा घडाघडा म्हणता आला म्हणजे वाचता आले, असे समजू नका. ही फसगत पुष्कळांची होते.

तिसरे, रोजच्या गरजेच्या कामांची यादी करा. सही करणे, बसची पाटी वाचणे, विजेच्या बिलावरची रक्कम व तारीख शोधणे, बँकेत पैसे भरण्याची स्लिप लिहिणे. प्रत्येक कामापुढे 'येत नाही', 'मदतीने येते', 'एकटीला येते' यांपैकी एक खूण करा. खूण बदलेल त्या दिवशी तारीख टाका. इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांनीही हेच करावे. मोबाइलवर आपले दोन मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करून दोन महिन्यांनी पुन्हा ऐकावे.

चौथे, नवे शब्द आपल्या हाताने लिहून ठेवा. एवढ्या व्यापात बाबासाहेबांनी पाली भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण यांवर काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. आपल्याला निदान आठवड्याला दहा शब्दांची वही ठेवता येईल.

एखाद्या महिन्यात आकडा पुढे सरकणार नाही. तेव्हा खचू नका. जोडाक्षरे अडतात की मात्रा, की सरावच झाला नाही, हे वहीच सांगेल. शेजारणीच्या वहीशी तुलना मुळीच करू नका. तुलना करायची ती आपल्याच मागच्या पानाशी.

घरच्यांनाही एक विनंती. आई वाचायला बसली की मुलाने घड्याळ धरावे, शब्द मोजावेत, पण हसू नये. तुमच्या एका हसण्याने तिची वही कायमची मिटू शकते.

त्या मावशींना मी त्यांच्या पहिल्या दिवशीच्या सहीचा कागद दाखवला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मी लिवलं होतं?" दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, येताना नवी वही घेऊन. आपल्याही घरात अशी एखादी मावशी असेल. आजच तिच्या हाती वही द्या आणि वर तारीख तिलाच घालू द्या.