दोन रेषा दिसल्या, पण अर्थ काय?

लग्नाला वर्ष उलटत नाही तोच सासरी-माहेरी, शेजारीपाजारी एकच प्रश्न सुरू होतो, ‘काय, गोड बातमी कधी?’ आणि प्रश्नाचा रोख बहुधा सुनेकडेच असतो. मग ती गुपचूप औषधाच्या दुकानातून बीजोत्सर्ग ओळखण्याच्या पट्ट्या आणते. दोन रेषा उमटल्या की हरखते, दुसरी फिकट निघाली की गोंधळते. या पट्ट्या उपयोगी आहेत यात शंका नाही. पण त्या वाचता आल्या नाहीत, तर महिने वाया जातात आणि पदरी निराशा पडते.

पट्टी नेमके काय ओळखते?

पाळीच्या प्रत्येक चक्रात बहुधा एक स्त्रीबीज बीजकोशातून बाहेर पडते. यालाच बीजोत्सर्ग म्हणतात. त्याआधी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एल.एच. नावाचे हार्मोन एकदम वाढवते. ही वाढ लघवीत दिसल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज सुटते. पट्टी ही वाढ टिपते. म्हणजे बीज सुटले असे ती सांगत नाही, सुटण्याची वेळ जवळ आली एवढेच सांगते.

ही वेळ मोलाची आहे. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास जगते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. १९९५ साली अमेरिकेत मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्या सहा दिवसांतल्या संबंधांतूनच गर्भधारणा झाल्याचे त्यात आढळले.

चाचणी कधी, कशी कराल?

‘चौदावा दिवस’ सगळ्यांनाच लागू पडत नाही. बीजोत्सर्ग पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी होतो. म्हणून आपल्या चक्राच्या दिवसांतून १७ वजा करा. चक्र २८ दिवसांचे असेल तर पाळी आल्यापासून अकराव्या दिवशी, ३२ दिवसांचे असेल तर पंधराव्या दिवशी चाचणी सुरू करा. पाळी मागेपुढे होत असेल, तर गेल्या काही महिन्यांतले सर्वांत लहान चक्र धरा.

बहुतेक पट्ट्यांसाठी सकाळची पहिली लघवी न घेता सकाळी १० ते रात्री ८ च्या दरम्यानची घेतात. रोज एकच वेळ ठेवा. आधीचे दोन तास पाणी, चहा कमी घ्या, नाहीतर लघवी पातळ होऊन रेष फिकट येते. पाकिटावर सांगितलेल्या मिनिटांतच निकाल पाहा. तासाभराने पाहिलेल्या रेषेला अर्थ नसतो.

फिकट रेष म्हणजे ‘होय’ नव्हे

गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेष फिकट असली तरी ती बहुधा ‘होय’ असते. कारण ते हार्मोन एरवी शरीरात जवळजवळ नसतेच. एल.एच. मात्र थोडेफार कायमच असते. त्यामुळे येथे चाचणीची रेष ‘सी’ रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद आली, तरच निकाल होकारार्थी. ‘सी’ची रेषच उमटली नाही, तर ती पट्टी बाद समजा.

होकार आला की त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संबंध यावेत. मात्र होकाराची वाट पाहत आधीचे दिवस कोरडे घालवू नका. त्या आठवड्यात एक दिवसाआड संबंध आला तरी पुरतो. काही जणींत ही वाढ एका दिवसाच्या आतच ओसरते. म्हणून रेष गडद होऊ लागली की दिवसातून दोनदा चाचणी करावी.

पट्टी कुठे फसवते?

पीसीओएसचा त्रास असणाऱ्यांत एल.एच. एरवीही जास्त राहू शकते आणि पट्टी वारंवार खोटा होकार देते. वंध्यत्वावरची काही औषधे, इंजेक्शनेही निकाल बदलतात. गर्भ टाळण्यासाठी तर या पट्टीवर मुळीच विसंबू नये. होकार दिसेपर्यंत आधीच्या दिवसांतले शुक्रजंतू शरीरात वाट पाहत असू शकतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तज्ज्ञांना भेटा. पाळी फारच अनियमित असेल, तर तेवढेही थांबू नका. जाताना पतीलाही बरोबर न्या. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही, हे पट्टी सांगत नाही. पतीच्या शुक्रजंतूंबद्दलही ती मुकीच असते. मूल न होण्यामागे पुरुषातील दोषही अनेकदा असतो आणि वीर्यतपासणी ही साधी, बिनदुखण्याची तपासणी आहे. ती सुरुवातीलाच करून घेतली, तर पत्नीच्या कितीतरी तपासण्या आणि टोमणे वाचतील.