भिंत खाणारे मीठ

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, अक्कलकोट तालुक्यात, दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. कर्नाटकाची सीमा तेथून अगदी जवळ. अशा जुन्या गावात विटांची एखादी जुनी भिंत शोधा आणि ती पायापासून वरपर्यंत नीट न्याहाळा. तळाशी ओल दिसेल. तिच्या वर, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत, पांढरी पूड आलेली दिसेल. तेथे हात लावला की विटेचे पापुद्रे सुटतात, लाल भुकटी झडते. त्याहून वरच्या विटा मात्र धडधाकट असतात. साऱ्या विटा एकाच वयाच्या. मग खालच्याच का झिजल्या? आपल्याकडे यालाच 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणतात.

थंड देशांतही जुन्या विटा अशाच फुटतात. तेथे गुन्हेगार असतो बर्फ. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. विटेच्या छिद्रांत पाणी भरलेले असताना ते गोठले, की विटेचा दर्शनी भाग आतून ढकलला जातो. दुधनीत पाणी गोठवणारी थंडी पडत नाही. येथे बर्फाचे काम मीठ करते.

पाणी चढते, मीठ मागे राहते

खडूचे एक टोक शाईत बुडवून पाहा. शाई हळूहळू वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. वीटही खडूसारखीच सच्छिद्र असते. पायाखालच्या मातीतले पाणी ती शोषून घेते आणि वर ओढते. या पाण्यात सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट असे क्षार विरघळलेले असतात. काही क्षार मातीतले, काही मचूळ पाण्यातले, तर काही विटेतलेच. गोठ्याजवळच्या भिंतीत नायट्रेट अधिक सापडते, कारण जनावरांच्या मूत्रातील नत्रापासून जमिनीतले जीवाणू ते तयार करतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी अशाच खारट मातीतून काढीत.

भिंतीत चढलेले पाणी उन्हावाऱ्याने उडून जाते. क्षार मात्र उडत नाहीत. ते पृष्ठभागावर साठले तर केवळ पांढरी पूड दिसते. ती झाडता येते. पण ते पृष्ठभागाच्या आत, छिद्रांत साठले, तर तेथे त्यांचे स्फटिक वाढू लागतात आणि छिद्राच्या भिंतींवर दाब देतात.

यात सोडियम सल्फेट विशेष उपद्रवी आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर ते कोरड्या स्फटिकांच्या रूपात राहते. तापमान त्याखाली आले आणि ओल मिळाली, की त्याचा प्रत्येक रेणू पाण्याचे १० रेणू जवळ करतो. मग स्फटिकाचे आकारमान सुमारे चौपट होते! सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री ३२ च्या खाली उतरतो. थंड देशांतील वीट शून्य अंशाच्या रेषेवर मार खाते, तर आपली वीट या ३२ अंशांच्या रेषेवर.

मोहेंजोदडोच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विटा जमिनीखाली टिकून राहिल्या. १९२२ नंतर उत्खननात त्या उघड्या पडल्या, आणि खारट ओल व कडक ऊन यांच्या कचाट्यात सापडून झडू लागल्या. उलट, दुधनीपासून फार दूर नसलेल्या तेर गावी त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहे. म्हणजे वीट मुळात दुबळी नसते. तिला ओल आणि क्षार यांपासून जपावे लागते.

उपाय की अपाय?

लोणा दिसला की पुष्कळ जण भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतात. भिंत गुळगुळीत दिसते, पण ओल खालून चढतच असते. दाट सिमेंटमधून तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती आणखी वर चढते. काही वर्षांत गिलावा फुगतो आणि विटेचा थर घेऊनच गळून पडतो. सांधे सिमेंटने भरले तरी तेच होते. सांधा घट्ट राहतो आणि सारी ओल विटेतून बाहेर पडू लागते. शेवटी सांधे पुढे आलेले आणि विटा आत खचलेल्या, अशी भिंत उरते.

जुन्या गवंड्यांचा चुना येथे उपयोगी पडतो. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्यातून बाहेर पडते आणि क्षारही त्यातच साठतात. सांधा झिजतो, वीट वाचते. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो. झिजलेली वीट पुन्हा भरता येत नाही.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी ओलीचे मूळ शोधावे : फुटका नळ, तुंबलेले गटार, भिंतीकडे उतार असलेले अंगण. मग भिंत वाळू द्यावी. पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडून दूर टाकावी. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा आत शिरतात. नंतर खिळखिळे सांधे सुमारे दोन सेंटिमीटर खोल खरवडून चुना-वाळूने भरावेत आणि काही दिवस ओलसर ठेवावेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना सावकाश घट्ट होतो. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांना इजा करतो. तेव्हा हे काम जाणत्या गवंड्याकडेच सोपवावे.

करून पाहा

एक कोरडी वीट तोला. ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. भारतीय मानकानुसार सामान्य विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे ३ किलोची वीट भिजल्यावर ३.६ किलोच्या आत हवी. दुसरी वीट ताटलीत उभी करून तळाशी अडीच सेंटिमीटर ऊर्ध्वपातित पाणी घाला. ते शोषले जाऊन वाळले, की आणखी एकदा तेवढेच घाला. विटेवर पांढरे उमटले तर क्षार विटेतच आहेत. काहीच उमटले नाही, तर भिंतीवरचा लोणा बहुधा जमिनीतून आला असे समजा.

नंतर शाळेच्या किंवा घराच्या भिंतीवर लोणा किती उंच चढला आहे, तिथे खडूने रेघ ओढा. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक. त्या दोन रेघांत किती अंतर पडले, हे पाहिल्याखेरीज कोणालाही सिमेंटचे पोते आणू देऊ नका!