तण ओळखा, मग खुरपं उचला!

पावसाची दोन-चार झोडपणी झाली की नाशिकच्या बंगल्यांपुढची लॉन तणाने माजतात. पण दिसेल ते उपटत सुटू नका. प्रत्येक तणाची खोड वेगळी, इलाजही वेगळा!

लव्हाळा: दिसतो गवतासारखा, पण फुलाचा दांडा बोटांत फिरवून बघा. तीन धारा लागल्या की पकडला! जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत याचा पहिला नंबर लावतात. नुसतं ओढलं की पाती हातात येते आणि जमिनीतली गाठ पुन्हा फुटते. ओल्या मातीत खोल खणा, गाठींसकट काढा. उटण्यातल्या नागरमोथ्याचा हा सख्खा भाऊ.

केना: वर इवलं निळं फूल, मातीखालीही फुलं! ती न उमलताच बी धरतात. त्यामुळे वरवर कातरून भागत नाही, मुळासकट काढा.

आंबुशी: तीन-तीन बदामी पानं, पिवळी फुलं. पिकल्या शेंगेला बोट लावा, तट्‌कन फुटून बी उडतं. म्हणून शेंगा धरायच्या आतच काढा. आंबट पानं फेकू नका, तांब्या-पितळेची भांडी चोळा. पानांतलं ऑक्झॅलिक आम्ल डाग घालवतं.

घोळ: उपटून तिथेच टाकली तर पुन्हा मुळं धरते. औषध फवारलेलं नसेल तर निवडा, धुवा आणि मुगाच्या डाळीत घाला!

गाजर गवत: १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. अंगाला खाज आणतं, म्हणून हातमोजे घाला. फुलण्याआधीच उपटा, एका झाडाचं बी हजारोंनी पडतं. पानं कुरतडणारा पट्टेरी मेक्सिकन भुंगा दिसला तर त्याला मारू नका. १९८४ मध्ये बंगळुरूत तो याच कामासाठी सोडला होता.

टू-फोर-डी: हे तणनाशक गवत राखून रुंद पानांची तणं मारतं. पण द्राक्षवेलीला ते अजिबात सोसत नाही. वाऱ्यावर उडालेल्या तुषारांनीही पानं पंख्यासारखी वेडीवाकडी होतात. मखमलाबाद-गिरणाऱ्याकडे घर असेल, शेजारी बाग असेल, तर खुरपंच बरं.

पुढच्या वर्षी कमी राबायचंय? शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्यातून तणाचं बी येतं. आणि गवत अगदी भादरू नका. दाट गवताच्या सावलीत तणाचं बी सहजी डोकं वर काढत नाही.