कातडीची चोरवाट

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पुरुषभर उंच झाली होती. कीटकनाशकाचा फवारा उलटून अंगावरच येत होता. त्या हंगामात जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. नाकातोंडाला फडकं बांधलं की भागलं, हा समज तेव्हाही होता, आजही आहे. श्वासातून विष जातंच, पण फवारणीत कातडीची वाट बहुतेक वेळा त्याहून मोठी ठरते.

कातडीचा खरा अडसर तिच्या सर्वांत वरच्या थरात असतो. त्याची जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन. केरॅटिनने भरलेल्या मृत पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. रेणू बहुधा त्या चुन्यातून नागमोडी जातो. म्हणून तेलात विरघळणारा, 500 डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आतला रेणू सहज आत शिरतो. कपाशीवर मारलं जाणारं प्रोफेनोफॉस आहे सुमारे 374 डाल्टनचं आणि चरबीत मुरणारं. वेदनाशामक फेंटानिलचा पॅचही याच वाटेने काम करतो. फक्त पॅचवर मात्रा छापलेली असते.

विसरणाचा, म्हणजे रेणू पसरण्याचा, ओघ दाटाकडून विरळाकडे असतो. म्हणून टाकीतल्या पाण्यापेक्षा, झाकणाने मोजताना बोटांवर ओघळलेलं बाटलीतलं औषध जास्त घातक. शरीराचा भागही महत्त्वाचा. संशोधक मायबाक आणि सहकाऱ्यांनी 1971 साली पॅराथिऑन हे कीटकनाशक स्वयंसेवकांच्या कातडीवर लावून पाहिलं: कोपराखालच्या हातातून 9 टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं, अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. पाठीवरचा पंप गळतो तेव्हा ओघळ कुठवर उतरतो, हे फवारणाऱ्याला सांगायला नको.

शिवाय काही रेणू केरॅटिनला चिकटून, चरबीत मुरून वरच्या थरातच साठून राहतात. 1963 साली संशोधक व्हिकर्स यांनी दाखवलं की कातडीला लावलेल्या स्टेरॉइडचा परिणाम ओसरल्यावरही, जवळपास दोन आठवड्यांनी ती जागा प्लास्टिकने झाकली की तो पुन्हा दिसतो. म्हणून प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा झालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा देतानाच भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुणं हाही उपचाराचाच भाग असतो. नुसतं ॲट्रोपिन देऊन कपडे तसेच ठेवले, तर आवक चालूच राहते.

2017च्या त्या विषबाधांनंतर हातमोजे, मास्क असे संरक्षक संच वाटले गेले. बरं झालं. मात्र उन्हाने तापलेली, घामाने फुगलेली कातडी अडसर सैल करते, आणि झाकलेल्या कातडीतून रेणू अधिक वेगाने जातो. हातमोजा आतून औषधाने ओला झाला असेल, तर तो न घातलेलाच बरा.