चॉपर मोटारसायकल : हौस आणि मोल

लांबच लांब पुढचे चाक, छातीपर्यंत चढलेले हँडल आणि जमिनीलगत ठेंगणी बैठक अशी एखादी मोटारसायकल आपल्या राऊच्या रस्त्यावरून गेली की मुलांच्या माना आपोआप तिकडे वळतात. अशा गाडीस ‘चॉपर’ म्हणतात. ती कशी तयार होते आणि विकावयास काढली असता तिचे काय मोल येते, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

‘चॉप’ म्हणजे छाटणे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी तरुण वजन कमी व्हावे म्हणून आपल्या गाड्यांचे चिखलरोधक व इतर अनावश्यक भाग छाटून टाकीत. पुढे सांगाड्यालाही कात्री लागली. १९६९ साली जपानच्या होंडा कंपनीने चार सिलिंडरांची ‘सीबी ७५०’ ही गाडी काढली. तेव्हापासून जपानी इंजिनांवरही चॉपर बांधले जाऊ लागले. भारतात १९८०नंतरच्या दशकात जपानी तंत्र घरोघर पोहोचले. राऊजवळच्या पिथमपुरास कायनेटिक होंडाच्या स्कूटरी बनत असत. यामाहाची ‘आरएक्स १००’ १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झाली. चॉपर बांधणाऱ्यांत मुंबईची ‘वर्देंची’ ही कार्यशाळा प्रसिद्ध आहे; तिच्या नावातच मराठी षष्ठी विभक्ती दडलेली आहे!

आता यामागील शास्त्र पाहू. हँडल ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढविला, तर तो चाक टेकते त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीस मिळतो. पुढचा काटा अधिक तिरपा केला की सामान्यतः हे अंतर वाढते. परिणामी गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते, परंतु सावकाश वळताना हँडल जड होते आणि वळणास जागाही अधिक लागते. शिवाय काटा तिरपा करण्यासाठी सांगाड्याची मान कापून पुन्हा जोडावी लागते. तो सांधा कच्चा राहिला तर स्वाराच्या प्राणाशीच गाठ!

यावरून किमतीचे कोडे उलगडते. समजा, एकाने ४० हजारांची जुनी गाडी घेऊन तिच्यावर ६० हजार खर्च केले. तो म्हणेल, “माझी गाडी लाखाची.” परंतु गिऱ्हाईक कारागिराची मजुरी मोजीत नाही, आपल्या उपयोगाचे मोल मोजतो. एकाची आवड दुसऱ्यास रुचेलच असे नाही. कापून टाकलेले मूळ भाग परत मिळणे दुर्घट असते. उलट मूळ स्वरूपात जपलेल्या ‘आरएक्स १००’ला आजही शौकीन चांगली किंमत देतात.

दुसरे कारण कायद्याचे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने वाहनातील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. नोंदणीपुस्तक आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसेना, तर नूतनीकरणास, विम्यास आणि मालकी बदलण्यास अडथळा येतो. ही जोखीम गिऱ्हाईक किमतीतून वजा करणारच.

म्हणून पालकांनी जुनी गाडी घेताना सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा, मानेचा सांधा जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा आणि परिवहन कार्यालयात चौकशी करूनच पैसे द्यावेत. आणि विद्यार्थीमित्रांनो, यंत्राची हौस अवश्य धरा! इंजिन उघडून पाहा, कोन मोजा, वेल्डिंग शिका. मात्र हातोडी उचलण्यापूर्वी ते यंत्र तसे का घडविले आहे, हे समजून घ्या. घरच्यांच्या कष्टाचा पैसा आणि स्वतःचा जीव, दोन्ही त्यातच सुरक्षित राहतील.