हवीहवीशी खरखर

आवाज आणि चित्र स्वच्छ करण्यासाठी अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या. त्यांच्या मेहनतीची थट्टा वाटावी असा एक प्रकार सध्या मोबाइलवर जोरात आहे. लख्ख डिजिटल गाणं घ्यायचं आणि सॉफ्टवेअरनं त्यावर कॅसेटची खरखर चढवायची. चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेल्या व्हिडिओवर जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा ओढायच्या, रंग थोडे फाटल्यासारखे करायचे आणि कोपऱ्यात ऐंशीच्या दशकातली एखादी तारीख टाकायची. जे दोष घालवायला कोट्यवधी रुपये खर्ची पडले, ते आता फिल्टर म्हणून मिळतात.

हा पन्नाशीतल्यांचा हळवेपणा म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. केट बुश या ब्रिटिश गायिकेचं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणं १९८५ साली आलं, तेव्हा ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वापरल्यावर जून २०२२ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ते तिथवर नेणाऱ्यांत १९८५ साली जन्मही न झालेली मुलं मोठ्या संख्येनं होती. ऐंशीच्या दशकाची ही ओढ येते कुठून? त्याचं अर्धं उत्तर त्या काळच्या यंत्रांच्या उणिवांमध्ये आहे आणि उरलेलं आपल्या स्मरणशक्तीच्या घडणीत.

फितीवरची गर्दी

कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. फिलिप्सच्या बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या कारखान्यात लू ऑटन्स यांच्या चमूनं ती बनवली. ऑटन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा करून घेतला होता आणि यंत्र त्याहून मोठं होता कामा नये, अशी अट घातली होती. या अटीची किंमत आवाजाला मोजावी लागली. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटीमीटर धावायची, कॅसेटमधली जेमतेम ४.७६ सेंटीमीटर. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर. तिच्यावर दोन बाजूंचे मिळून चार पट्टे बसवायचे, म्हणजे एका पट्ट्याच्या वाट्याला ०.६ मिलिमीटर.

फितीवरचा तपकिरी थर म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे बारीक कण. प्रत्येक कण एक इवलासा चुंबक असतो. ध्वनिमुद्रण करताना हेडमधलं चुंबकीय क्षेत्र आवाजाबरहुकूम बदलतं आणि खालून सरकणाऱ्या कणांचे ध्रुव त्याप्रमाणे वळतात. १०,००० हर्ट्झचा एक सूर घेतला, तर त्याची एक पूर्ण लहर कॅसेटवर केवळ ४.७६ मायक्रॉन जागेत बसते. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड असतो. एवढ्याशा जागेत कण मोजकेच असतात आणि ते एकसारखे पसरलेले नसतात. रांगोळीची जाड रेघ लांबून सलग दिसते, पण बारीक ओढली की तिच्यातला कण न् कण वेगळा दिसायला लागतो. कॅसेटचा अरुंद पट्टा ही अशीच बारीक रेघ आहे. कणांच्या या अनियमितपणातून जो आवाज निघतो, ती खरखर. कोरी कॅसेट लावली तरी ती ऐकू येते, कारण ती फितीचीच असते.

खरखरीवर उतारा शोधणाऱ्या रे डॉल्बी यांचा भारताशी जवळचा संबंध होता. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होते. तिथे ते हौसेनं भारतीय संगीत मुद्रित करत. तंबोऱ्यामागून येणारी खरखर त्यांना खटकायची आणि ती कमी करण्याची कल्पना याच मुक्कामात आकाराला येऊ लागली. तत्त्व सोपं होतं. खरखर प्रामुख्यानं उंच स्वरांच्या पट्ट्यात असते. तेव्हा मुद्रण करताना या पट्ट्यातले हळू आवाज मुद्दाम वाढवायचे आणि ऐकताना तेवढेच उतरवायचे. गाणं मूळ पातळीवर येतं, मध्ये शिरलेली खरखर मात्र खाली दबते. घरगुती यंत्रांसाठीची ‘डॉल्बी बी’ ही पद्धत १९६८ साली आली.

आपल्याकडच्या बहुतेक टू-इन-वनना, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रांना, डॉल्बीचं बटण नव्हतं. शिवाय गाण्यांची यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून घेण्याची पद्धत होती. तिथे मूळ कॅसेटची कॉपी, तिची कॉपी असा प्रवास चाले आणि प्रत्येक टप्प्यावर नव्या फितीची खरखर जुनीत मिसळायची. स्वस्त कॅसेटमुळे एक मोठी गोष्टही घडली. तबकडीच्या काळात बाजार एका-दोन कंपन्यांच्या हातात होता, आता कमी भांडवलात गाणी काढता येऊ लागली. भीमगीतं, गवळणी, भारुडं आणि आनंद शिंद्यांचं ‘नवीन पोपट’ टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर वाजू लागले. पु. लं.चं कथाकथन नाट्यगृहातून उठून दिवाणखान्यात येऊन बसलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला.

ज्यांनी कॅसेट वापरली, त्यांच्या कानात आणखी एक चमत्कार असेल. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पहिली ओळ अगदी पुसट, लांबून आल्यासारखी ऐकू यायची. फीत गुंडाळलेली असताना एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडंसं उमटतं. एका वेढ्याची लांबी साधारण ७ ते १५ सेंटीमीटर. त्यामुळे ही पूर्वछाया दीड ते तीन सेकंद आधी यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत १८ मायक्रॉन जाड असे, नव्वदची १२. पातळ फितीत वेढे एकमेकांच्या जास्त जवळ येतात, म्हणून नव्वदच्या कॅसेटमध्ये ही छाया अधिक जाणवे. सेल उतरले की मोटर मंदावायची आणि गायिकेचा गायक होई. रबरी चाक चिकट झालं की यंत्र फीत खायचं, मग षटकोनी पेन्सिल घालून ती गुंडाळत बसणं आलं.

मुंग्या आणि सावल्या

चित्राच्या बाजूलाही हेच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं, चित्र रंगीत झालं. पण ‘छायागीत’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम ऐन रंगात आला असताना कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून “आलं, आलं... गेलं!” असा पुकारा व्हायचा, हे रंगीत टीव्हीनंही थांबलं नाही.

अँटेना सरकला की एका माणसाचे दोन दिसत. लहर मनोऱ्याकडून थेट येते, तशीच एखाद्या टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटूनही येते. हा वळसा ३०० मीटरचा असेल, तर दुसरी लहर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. चित्राची एक रेघ पडद्यावर उमटायला ५२ मायक्रोसेकंद लागत. म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद पडद्यावर दुसरं चित्र जेमतेम पाऊण सेंटीमीटर सरकलेलं दिसणार. निवेदिकेच्या खांद्याशेजारची ती सावली मोजपट्टीनं मोजली असती, तर समोरच्या इमारतीमुळे लहरीला किती वळसा पडला, याचा हिशेब घरबसल्या करता आला असता.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर मुंग्या यायच्या. ठरावीक संदेश नसला की संच मिळेल ते वाढवून दाखवतो. त्यात आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंधळ, संचाच्या स्वतःच्या मंडलातला गोंधळ आणि अगदी थोडा वाटा विश्वाच्या आरंभापासून पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा असे. या लहरींच्या शोधासाठी पेन्झिअस आणि विल्सन यांना १९७८ चं नोबेल मिळालं. त्या लहरी घरोघर दिसत होत्या, आपण मात्र संच बंद करून झोपायला जात होतो.

आठवणींचा उंचवटा

आता स्मरणशक्तीकडे वळू. साठीच्या आसपासच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं आणि त्या कोणत्या वयाच्या आहेत हे मांडलं, तर आलेख सरळ जात नाही. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवलं, की दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा तिथे ठळक उंचवटा दिसतो. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं असे बहुतेक ‘पहिले’ प्रसंग याच काळात घडतात. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली लोकांना वेगवेगळ्या दशकांतल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. सर्वाधिक आवडलेली गाणी ऐकणारा सरासरी साडेतेवीस वर्षांचा असतानाची निघाली. ऐंशीच्या दशकात जे विशीत होते, त्यांना त्यानंतर ‘चांगली गाणी झालीच नाहीत’ असं वाटतं, त्यात सगळाच दोष नंतरच्या संगीतकारांचा नाही.

यात खरखरीचं काम काय? १९७५ साली गॉडन आणि बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला लावले, काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. मेंदू आठवण साठवताना भोवतालही सोबत बांधून ठेवतो. पु. लं.चा ‘नारायण’ आपण खरखरीसकट ऐकला, तेव्हा ती खरखर त्या आठवणीचाच भाग झाली. स्वच्छ केलेल्या डिजिटल प्रतीत शब्द सगळे असतात, पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. खरोखरच काहीतरी राहिलेलं असतं.

या ओढीला कधीकाळी रोग मानत. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझेलमध्ये तिच्यावर प्रबंध लिहिला होता. गेल्या वीस वर्षांत साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या सेडिकिडीस आणि वाइल्डशूट यांच्या प्रयोगांनी चित्र उलटं केलं. माणूस एकटा पडला किंवा खिन्न झाला की जुन्या आठवणींकडे वळतो आणि आपण कुणाचे तरी आहोत ही जाणीव त्यातून पुन्हा मिळवतो. या स्मरणरंजनाला स्मरणशक्तीच्या एका लबाडीचीही साथ असते. वाईट प्रसंगांची बोच चांगल्या प्रसंगांच्या आनंदापेक्षा लवकर बोथट होते. म्हणूनच ‘छायागीत’ आठवतं आणि टेलिफोनचा नंबर लागायला वर्षानुवर्षं पाहिलेली वाट आठवली तरी तिचं हसू येतं.

न जगलेला काळ

उरली ती विशीतली मुलं. कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रुमहॅन्सल यांनी सुमारे वीस वर्षांच्या तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वतःच्या काळातली गाणी त्यांना ओळखीची वाटली, हे अपेक्षितच होतं. पण १९८० च्या आसपास आणखी एक उंचवटा निघाला. तेव्हा त्यांचे आईवडील विशीत होते. साठच्या दशकाशी तिसराही निघाला. घरात, गाडीत, सुट्टीत आईवडिलांनी लावलेली गाणी मुलांच्या आठवणीत उतरली होती. तंत्रज्ञान एका पिढीत जुनं होतं, आवड मात्र वारशानं पुढे जाते. केट बुशच्या ३७ वर्षांची उकल करायला हा अभ्यास बराच उपयोगी पडतो.

हा वारसा टिकवायचा असेल, तर घरातल्या कॅसेटींकडे आजच बघायला हवं. बाजारात मिळणारी गाणी कुठे ना कुठे सापडतील. आजोबांनी गायलेला अभंग किंवा बारशाच्या दिवशीचा गलका मात्र दुसऱ्या कुणाकडेही नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते आणि उन्हात ठेवलेली फीत वाकडी होते. बुरशी दिसत असेल तर कॅसेट यंत्रात घालू नये, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. बुरशी नसेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसावं, फीत एकदा पूर्ण पुढेमागे फिरवावी आणि संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवताना खरखर काढून टाकण्याचा मोह आवरावा. ती नंतर केव्हाही काढता येते. पण मूळ प्रतीतूनच गेली, तर फिल्टर लावून येणारी खरखर त्या फितीची नसेल.

जुनी यंत्रं दुरुस्त होतात, पण सगळंच असं परत मिळत नाही. जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं असे आणि सेकंदाला २५ चित्रं उमटत. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. त्या ओढणारा ट्रान्सफॉर्मर याच गतीनं कंप पावायचा आणि अतिशय बारीक शीळ घालायचा. शेजारच्या खोलीत टीव्ही सुरू झाला, हे मुलांना आवाज बंद असतानाही कळायचं, ते या शिळेमुळे. वय वाढतं तशी कानाची उंच स्वर ऐकण्याची ताकद घटते आणि पन्नाशीनंतर १५,६२५ हर्ट्झ बहुतेकांच्या कानापलीकडे जातो. तेव्हा एखाद्या हौशी माणसानं १९८२ चा संच जसाच्या तसा जिवंत केला, तरी ज्याची त्याला आठवण आहे तो आवाज त्याला ऐकू येणार नाही. बाजूला बसलेली त्याची वीस वर्षांची मुलगी मात्र कानावर हात ठेवून विचारेल, “बाबा, हे काय वाजतंय?”