बंगालचे डावे : बेहालातून पाहिलं तर

पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षं ‘कम्युनिस्ट राजवट’ होती, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात ते दर पाच वर्षांनी मतं मागणारं आघाडी सरकार होतं. १९७७ मध्ये माकपला २९४ पैकी १७८ जागा, म्हणजे एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं होतं. तरीही मुख्यमंत्री ज्योती बसूंनी फॉरवर्ड ब्लॉक आणि आरएसपीला सोबत घेतलं. चलन, रेल्वे, मोठ्या बँका दिल्लीच्या हातात. क्रांती करायला राज्याकडे होतं तरी काय?

त्याहून पक्का गैरसमज म्हणजे ‘डाव्यांनी बटाईदारांना जमिनीचे मालक केलं’. मालकी दिली ती आपल्या कुळकायद्यानं, १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ला. बंगालमधल्या ‘ऑपरेशन बर्गा’नं १९७८ पासून बटाईदारांची फक्त नोंद केली. पण ती कशी केली, हे पाहण्यासारखं आहे. अधिकारी जमीनदाराच्या ओसरीवर बसले नाहीत. मजूर कामावरून परतल्यावर संध्याकाळी गावातच बैठक, मग शेतावर जाऊन सर्वांदेखत नोंद. चौदा लाखांच्या आसपास बर्गादारांची, म्हणजे बटाईदारांची, नावं कागदावर आली. बी-खत बर्गादाराचं असेल तर पिकाच्या चारपैकी तीन हिस्से त्याचे, मनमानी बेदखली बंद, आणि हा हक्क वारसालाही. मालकी नसतानाही माणूस ताठ उभा राहतो, तो असा. माझ्या मते डाव्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

‘नंदीग्राम झालं आणि बंगाल एकदम फिरला’, हेही अर्धंच खरं. १९८४ मध्ये कोलकाता महापालिकेत आलेल्या बेहालासारख्या शहरी भागात बर्ग्याचा लाभ पोचणार कुठून? बेहाला पश्चिममधून तृणमूलचे पार्थ चटर्जी २००१ मध्येच निवडून आले. २००६ मध्ये डाव्या आघाडीनं २३५ जागा जिंकल्या, तेव्हाही ही जागा चटर्जींनी राखली. जमीन संपादनाला विरोध करणाऱ्यांवरचा नंदीग्रामचा पोलीस गोळीबार त्यानंतरचा, १४ मार्च २००७ चा.

मग २०११ मध्ये डावे हरले, तेव्हा उजवे आले का? नाही. तृणमूलच्या ममता बॅनर्जी सिंगूरच्या शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढून सत्तेत आल्या. २०१३ मध्ये मुलींसाठी कन्याश्री, २०२१ मध्ये महिलांच्या खात्यात पैसे देणारं लक्ष्मीर भांडार सुरू झालं. आपली लाडकी बहीण २०२४ ची. बेहालानं डाव्यांना सोडलं, गरिबांचा प्रश्न सोडला नाही. २०२० च्या पूजेत तिथल्या बारिशा क्लबची दुर्गा स्थलांतरित मजूर आई होती, कडेवर उघडं पोर घेतलेली.

मात्र बर्गा आणि या योजना, दोन्ही धोरणांना एकाच मापानं मोजू नये. खात्यातले पैसे गरजेचेच आहेत, त्यांना ‘रेवडी’ म्हणणं मला पटत नाही. पण ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून असतात. २०२१ मध्ये डाव्यांचा एकही आमदार निवडून आला नाही. बर्गादाराचा वारसाहक्क मात्र राज्याच्या भूमिसुधार कायद्यात कायम आहे.